बिघडला नाही म्हणे टॉवर

बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं वर्कशॉप आहे. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबसाठी व्हेंच्युरी, हीट एक्स्चेंजर असली यंत्रं आम्ही बनवतो. एप्रिलमध्ये एका कॉलेजात छोटा कूलिंग टॉवर बसवला, म्हणजे गरम पाणी हवेच्या झोतात थोडं वाफ करून गार करणारा खांब. अ‍ॅक्रिलिकचा खांब, आत पाणी पसरवायला पीव्हीसीचं पॅकिंग, दीड किलोवॉटचा हीटर, मिनिटाला २ लिटर पाणी. बाहेर ३५ अंश होते. पाणी ४० ला वर जायचं, २९ ला खाली उतरायचं. सह्या झाल्या, चहा झाला.

जुलैत फोन आला. "टॉवर बिघडलाय बघा. बाहेर २४ आहे, तरी पाणी २९ च्या खाली येईना."

भर पावसात गेलो. पोरं जर्नल घेऊन उभी. मी ऐटीत समजावलं : वरखालचा ११ अंशांचा फरक हीटर आणि पाण्याचा प्रवाह ठरवतात, हवा नाही. आणि पाणी किती खाली उतरेल ते ठरतं ओल्या वातीच्या थर्मामीटरवर, म्हणजे ज्याच्या टोकाला वाटीतल्या पाण्यात बुडवलेली वात गुंडाळलेली असते त्यावर. हवा कोरडी तेवढं वातीचं पाणी भराभर उडतं आणि तो खाली उतरतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत तो साडेबावीस होता, आज साडेतेवीस. म्हणजे टॉवरच्या लेखी उन्हाळा आजच.

मागून एक मुलगी म्हणाली, "मग सर, साधा २४ आणि हा साडेतेवीस, आज वात सुकली तरी कळायचं नाही की."

वातीची वाटी पाहिली. कोरडी ठणठणीत! पाणी घातलं, आकडा जेमतेम हलला.

पण खरी फजिती पुढेच होती. रीडिंग स्थिर होईना. साडेएकोणतीस, तीस, अर्ध्या तासात एकतीस. पंप पाहिला, प्रवाह मोजणारा रोटामीटर पाहिला, सेन्सर बदलला. मग नजर खिडक्यांकडे गेली. पावसामुळे सगळ्या बंद, काचांवरून पाण्याचे ओघळ. टॉवर तासाला दीड-दोन लिटर पाण्याची वाफ खोलीत सोडत होता आणि तीच दमट हवा खालून पुन्हा ओढत होता. एप्रिलमध्ये खिडक्या उघड्या होत्या, म्हणून माझ्या लक्षातच आलं नाही. ड्रॉइंगमध्ये हवा बाहेर काढायचा पाइप मी दाखवलाच नव्हता. चूक सरळ माझी.

दुसऱ्या दिवशी पत्र्याचा डक्ट करून आणला, पदरच्या खर्चाने. त्याचं तोंड खिडकीबाहेर काढलं. पाऊणएक तासात आकडा साडेएकोणतीसवर येऊन थांबला.

अटेंडर मामा भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "हे तुमचं पाणी होतं होय? आम्ही स्लॅब गळतोय म्हणून वर ताडपत्री घातलीय की!"