मागे कोण बसलंय?

२००४ चा सप्टेंबर. सॅन होजेच्या एका स्टारबक्समध्ये मी सकाळच्या रांगेत उभा होतो. उडप्याच्या हॉटेलात गल्ल्यापाशी जिथे बडीशेपेची वाटी असते, नेमकी तिथे सीडींची चवड लावलेली. वरच्या सीडीवर काळ्या चष्म्यातले अमेरिकन गायक रे चार्ल्स. कॉफीबरोबर गाणं विकायची ही कल्पना मला तेव्हा जरा उथळ वाटली होती, पण रांग लांब होती आणि हात रिकामे होते. घेतली.

सीडीचं नाव ‘जीनियस लव्ह्ज कंपनी’. दुःखाला सोबत आवडते अशी इंग्रजीत एक म्हण आहे, तिच्यातलं दुःख काढून तिथे जीनियस बसवलेला. बारा गाणी, प्रत्येक गाण्यात एक नामांकित पाहुणा. अशा सीडींबद्दल माझं मत फारसं बरं नव्हतं. गायक थकला की कंपनीवाले त्याच्याभोवती नावं उभी करतात, लग्नात आमदारांना पहिल्या रांगेत बसवतात तशी. शिवाय १० जूनलाच रे चार्ल्स गेले होते, ७३ व्या वर्षी. सीडी बाजारात आली ३१ ऑगस्टला. म्हणजे गल्ल्यावरची ती चवड त्यांच्या वाट्याला आलीच नाही.

माझं मत बदललं ते आईमुळे. ती त्या वर्षी सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. आई मिरजेची. घरात कोणी गात नव्हतं, पण तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीशेजारी लहानपण गेलं आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी जे गाणं होतं, ते तिने लग्न होईपर्यंत चुकवलं नाही. इंग्रजी गाण्याशी मात्र तिचं काही देणंघेणं नव्हतं. शनिवारी किराण्याला निघालो, गाडीत सीडी लावली, तेव्हा ती पिशव्या मोजत होती.

पहिलं गाणं नोरा जोन्स या तरुण गायिकेबरोबरचं. रे चार्ल्सनी १९६७ साली ते एकट्याने गायलं होतं. आता आवाज खरखरीत झालेला, श्वास आखूड.

“काय रे, ह्याचा घसा बसलाय?”

“आजारी होते गं. यकृताचं दुखणं.”

“बसू दे. जागा चुकत नाहीये,” आई म्हणाली आणि पिशव्या मांडीवरून खाली ठेवल्या. “नाव काय म्हणालास?”

“रे.”

“नावच रे? मग ह्याची आई हाक कशी मारत असेल?”

थोड्या वेळाने म्हणाली, “पेटीवाला चांगला आहे हो.” पेटी म्हणजे हॅमंड ऑर्गन आणि पेटीवाला म्हणजे बिली प्रेस्टन, ज्याने बीटल्सबरोबरही वाजवलंय. हे सगळं आईला सांगण्यात अर्थ नव्हता. नोरा मात्र सतारवादक रविशंकरांची मुलगी, असं सांगितल्यावर आई सरसावून बसली. दोन कडवी कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, “मग सतार कुठाय?” नोरा टेक्ससमध्ये आईजवळ वाढली, पियानो वाजवते, हे मी सांगितलं. आईला पटलं नाही. पण मुलगी कशी गातेय ते तिने बरोबर टिपलं होतं. “ही मागे बसणारी आहे,” ती म्हणाली.

मागे बसणारी म्हणजे काय ते किराण्याच्या दुकानापर्यंत समजावून झालं. बुवा म्हातारे झाले की तंबोऱ्यावर शिष्य बसतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. बुवांचा श्वास संपला की ते जराशी मान वळवतात. शिष्याने तोच सूर तिथूनच उचलायचा, बुवांपेक्षा दोन बोटं खाली. “तो मोठ्याने गायला तर बुवांची लाज जाते आणि गप्प बसला तर मैफल जाते.”

“पण ह्यांना दिसत नव्हतं,” मी म्हणालो. सातव्या वर्षापर्यंत दृष्टी गेली होती. फ्लॉरिडातल्या सेंट ऑगस्टीनच्या शाळेत ब्रेलवर संगीत शिकले, एका हाताने टिंब वाचायची आणि दुसऱ्या हाताने पियानो.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे मान वळवून उपयोग नाही. समोरच्यानेच ह्याचा श्वास ऐकायचा.”

त्या दिवसापासून मी ही सीडी वेगळी ऐकतो. गाण्यापेक्षा हातोहात देण्याघेण्याच्या जागा ऐकतो. रे चार्ल्स ओळ जिथे सोडतात तिथे ती खाली पडते का, की पडायच्या आधीच कोणी झेलते? नोरा झेलते. डायना क्रॉल थोडी जास्तच जपून झेलते, काचेचा पेला धरल्यासारखी. जॉनी मॅथिस तर इतका अलगद येतो की दुसरा माणूस कधी आला ते कळत नाही. ते गाणं पुढे रे चार्ल्सच्या अंत्यविधीत वाजवलं गेलं. मायकेल मॅकडोनल्डच्या वेळी मात्र व्हायोलिनांचं एवढं वऱ्हाड येतं की श्वासबीस काही ऐकू येत नाही. आईचा निकाल: “ह्याला पुढे बसायचंय.” तो आठवा ट्रॅक आम्ही पुढे टाकायचो.

बी. बी. किंगचं गाणं लागलं तेव्हा मी विचारलं, हा मागे बसणारा का? “छे! हे दुसरे बुवा. हे शेजारी बसतात.” किंग रे चार्ल्सहून पाच वर्षांनी मोठे. दोघेही म्हातारे, घाई कोणालाच नाही, गिटारचा एकेक सूर पान लावल्यासारखा. विली नेल्सनचंही तसंच. सरलेल्या वयाचं गाणं दोन सत्तरीतल्यांनी म्हणायचं, त्यात झेलायचं काय? दोघांच्याही ओंजळी गळक्याच.

आई एकदा म्हणाली, हा मूळचा देवळातला गाणारा दिसतो. मी चकित झालो. १९५४ मध्ये रे चार्ल्सनी चर्चच्या गाण्याचा ढंग घेऊन त्यावर प्रेमाचं गाणं बसवलं. सोल म्हणतात ती गायकी घडवण्यात त्या गाण्याचा मोठा वाटा.

“अभंगाच्या चालीवर लावणी?” आईने थेट विचारलं. “लोक चिडले असतील.”

“चिडले.”

“आणि ऐकायला पहिल्या रांगेत बसले असतील.”

डिसेंबरात तिला घेऊन लॉस एंजेलिसला गेलो होतो. वेस्ट वॉशिंग्टन बुलेव्हार्डवर रे चार्ल्सचा स्वतःचा स्टुडिओ आहे, त्यांनीच साठच्या दशकात थाटलेला. या सीडीचं बरंचसं काम तिथेच झालं, २००३ च्या जूनपासून पुढच्या मार्चपर्यंत. शेवटचं ध्वनिमुद्रण एल्टन जॉनबरोबरचं, मार्चमधलं. एप्रिलच्या ३० तारखेला त्या वास्तूला शहराचं ऐतिहासिक स्थळ म्हणून मान मिळाला. लोकांसमोर ते आले ते तेव्हाच शेवटचे. साधी इमारत. आईने गाडीतूनच पाहिली. “पाहुणे इथे यायचे?”

“हो. नोराही इथेच आली होती.”

मग दुसऱ्या एका अमेरिकन गायकाची, फ्रँक सिनात्राची गोष्ट निघाली. १९९३ मध्ये त्यांचीही अशीच युगुलगीतांची सीडी आली होती. या सीडीच्या निर्मात्यांपैकी फिल रामोन हे त्याही कामावर होते. तिथे सिनात्रा आपलं गाऊन मोकळे झाले आणि पाहुण्यांनी आपापल्या गावातून, टेलिफोनच्या तारेवरून आवाज जोडले. ती सीडीही प्रचंड खपली.

“म्हणजे अंतरपाट धरलेला आणि पलीकडे कोणी नाही,” आई म्हणाली.

जानेवारीत ती मिरजेला परतली. फेब्रुवारीत ग्रॅमीची बातमी आली: आठ पारितोषिकं, त्यात वर्षातला सर्वोत्तम अल्बमही. सीडी अमेरिकेतल्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर चढली. १९६२ नंतर रे चार्ल्सना हे पहिल्यांदाच मिळत होतं, तेही गेल्यावर. मी उत्साहाने फोन लावला. तिकडे सकाळ होती, मागे कुकरची शिट्टी.

“आई, त्या म्हाताऱ्यांना आठ बक्षिसं मिळाली!”

“त्याला आता काय रे त्याचं. मागे बसणाऱ्यांना किती?”

मला आठवलं तसं सांगितलं. पाहुण्यांपैकी ग्लॅडिस नाइटला एकात वाटा आहे. आणि पहिल्या गाण्याला दोन आहेत, रे आणि नोरा दोघांच्या नावावर.

“रविशंकरांच्या मुलीला? बरं झालं.” शिट्टी पुन्हा वाजली, आईने गॅस बारीक केल्याचं कळलं. “भेटली तर सांग हो तिला, सतार शिक म्हणावं. अजून वय आहे.”