नागपूरचा माणूस मोहन बागानचा कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाही तर हल्ली मी या प्रश्नाला ‘असंच’ म्हणून मोकळा होतो. प्रश्न साधारण असा असतो: तुम्ही नागपूरचे, घरात मासळी शिजत नाही, कोलकात्यात कोणी सोयरं नाही, मग मोहन बागान या कोलकात्याच्या फुटबॉल क्लबवरची जुनी मासिकं कशाला जमवता? रद्दीवाला हेच सरळ विचारतो. ‘हे तं रद्दीच आहे ना जी, तुम्ही काय करून राहिले याचं?’ आणि कॉलेजातली पोरं म्हणतात, काका, क्लबचा सगळा इतिहास मोबाइलवर आहे, कागद कशाला?

सुरुवात रेल्वेपासून करावी लागेल. नागपुरात रेल्वेचे दोन विभाग आहेत आणि दोन्हींचं नाव नागपूर विभाग. बाहेरच्या माणसाच्या हे लवकर लक्षात येत नाही. एक मध्य रेल्वेचा, त्याचं तोंड मुंबईकडे. दुसरा जुन्या बंगाल-नागपूर रेल्वेचा वारस. पुढे तिची दक्षिण-पूर्व रेल्वे झाली, तरी मुख्यालय कोलकात्यात गार्डन रीचलाच राहिलं. २००३ मध्ये बिलासपूरचं वेगळं झोन झालं तेव्हा कुठे आमच्या फायली कोलकात्याला जायच्या थांबल्या. माझे बाबा या दुसऱ्या विभागात, मोतीबागेत कारकून. पूजेच्या सुट्टीत निम्मं ऑफिस हावड्याच्या गाडीत बसायचं, आणि येताना संदेशाचे डबे आणि खेळाची मासिकं यायची. संदेश ऑफिसातच संपायचे. मासिकं टेबलाटेबलांवरून फिरून शेवटी आमच्या घरी यायची, कारण ती परत मागायची शुद्ध कोणालाच नसायची.

फुटबॉल काही नवा नव्हता. कामठीत आणि मोमिनपुऱ्यात तो आधीपासून होताच. पण कोलकात्याच्या लीगमध्ये बीएनआर, म्हणजे बंगाल-नागपूर रेल्वे, नावाचा रेल्वेचा संघ खेळायचा. अरुण घोष, अप्पलराजू असे मोठे खेळाडू त्यात होऊन गेले. त्या नावात नागपूर आहे, एवढ्या आधारावर बाबांनी तो संघ आपला मानला. मग बीएनआरला कोण हरवतं हे बघता बघता घरात मोहन बागान आलं. आपल्याला हरवणाऱ्याच्याच प्रेमात पडायचं, हे विदर्भाच्या माणसाला नवीन नाही.

नागपूर देशाच्या मधोमध आहे हे आम्ही झिरो माइल दाखवून सगळ्यांना सांगतो. त्याचा मला झालेला खरा फायदा एकच. मासिकं तीन बाजूंनी आली. मुंबईहून ‘स्पोर्ट्सवीक’, कोलकात्याहून पतौडी संपादक असलेलं ‘स्पोर्ट्सवर्ल्ड’, आणि मद्रासहून १९७८ च्या जुलैपासून ‘स्पोर्टस्टार’. त्याच्या आधी त्याच मद्रासच्या घराण्याचं ‘स्पोर्ट अँड पास्टाइम’ होतं, ते साठच्या दशकाअखेर बंद पडलं. बर्डीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मला हे सगळं एकाच ढिगात मिळत गेलं. बंगाली ‘खेलार आसर’ मात्र फक्त ऑफिसच्या वाटेनेच यायचं. त्यासाठी बाबा पन्नाशीत बंगाली अक्षरं गिरवायला बसले.

तिन्ही शहरं एकाच क्लबकडे बघत होती, पण नजर वेगळी. कोलकात्याचा लेखक घरच्या माणसावर चिडावं तसा चिडतो. मद्रासचा लेखक शांतपणे, थोडा लांबून, कोण कुठे खेळला ते सांगतो. मुंबईला हा संघ पाहुणा म्हणून दिसायचा, कूपरेजवर रोव्हर्स कपाच्या दिवसांत. रोव्हर्स १८९१ पासूनची स्पर्धा. मोहन बागान १९२३ मध्ये तिच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलं आणि डरहम लाइट इन्फन्ट्रीकडून हरलं. कप हातात यायला १९५५ उजाडलं. म्हणून मुंबईच्या लिखाणात कौतुक असलं तरी त्याला ‘बघू, यंदा काय करतात’ अशी किनार असते. मला ती आवडते. क्लबच्या स्वतःच्या इतिहासात ती कधीच सापडत नाही.

पोरांच्या मोबाइलला माझं उत्तर इथेच आहे. मोबाइलवरच्या यादीत १९७७ समोर लिहिलेलं असतं: आयएफए शील्ड, ड्युरँड, रोव्हर्स. एका मोसमात तिन्ही मोठे कप. वाचणाऱ्याला वाटतं काय सुवर्णवर्ष असेल! आता तेच वर्ष आधीपासून, अंक लावून वाचा.

३० सप्टेंबर १९७५. शील्डचा अंतिम सामना, कोलकात्यातलाच कट्टर प्रतिस्पर्धी ईस्ट बंगाल पाच, मोहन बागान शून्य. यादीत त्याची नोंद ‘उपविजेते’ अशी होते. प्रत्यक्षात त्या पराभवानंतर एका समर्थकाने जीव दिला. ईस्ट बंगालने तेव्हा सलग सहा वर्षं लीग जिंकलेली. त्यांचा प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी, आणि त्या पाचातले दोन गोल श्याम थापाचे. १९७६ मध्ये पी. के. मोहन बागानमध्ये आले. त्या वर्षीच्या लीगमध्ये अकबरने सतराव्या सेकंदाला गोल केला आणि ईस्ट बंगाल हरलं. १९७७ मध्ये श्याम थापाही आला. म्हणजे ज्यांनी नाक कापलं तेच दोघे आता आपले. अशा वेळी समर्थक खूश असतो की लाजलेला, हे यादी सांगत नाही. वाचकांच्या पत्रांचं पान सांगतं.

आणि एवढं सगळं जमवूनही १९७७ मध्ये सुरुवातीला काय झालं? लीग ईस्ट बंगालनेच नेली. फेडरेशन कप त्या वर्षी पहिल्यांदाच भरला. त्याच्या अंतिम सामन्यात बंगळूरच्या आयटीआयने हरवलं. आयटीआय म्हणजे टेलिफोनच्या कारखान्याचा संघ! सप्टेंबरच्या मध्यावर थांबून बघितलं तर हे वर्ष फसलेलं आहे. तारे भरपूर, कप एकही नाही. त्या वेळी छापलेल्या पानाला पुढचं काहीच माहीत नाही. ते बिचारं मनापासून विचारतं की या संघाचं करायचं काय.

मग २४ सप्टेंबर, शनिवार, ईडन गार्डन्स. मोहन बागानसमोर पेलेचा संघ, न्यूयॉर्क कॉसमॉस. पावसाने मैदानाचा चिखल झालेला. पेलेचा शेवटचा सामना त्यानंतर आठवड्याने, १ ऑक्टोबरला अमेरिकेत व्हायचा होता. म्हणजे कोलकात्याने बघितला तो निरोपाच्या उंबरठ्यावरचा पेले, छत्तिशीतला. गौतम सरकार त्याच्या मागावर, गोलमध्ये शिबाजी बॅनर्जी. श्याम थापा आणि हबीबचे गोल, पलीकडून कार्लोस अल्बर्टो आणि किनालिया. किनालियाचा पेनल्टीवर, आणि त्या पेनल्टीवरून आजही भांडण होऊ शकतं. दोन-दोन. पेलेला गोल करता आला नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालवर एक-शून्य, गोल श्याम थापाचा. मग ड्युरँड, मग रोव्हर्स. डिसेंबरात हावडा-मुंबई गीतांजली एक्सप्रेस नागपूरवरून धावायला लागली, आणि त्या वर्षात जे जे व्हायचं ते सगळं हावड्याच्या लाइनीवरच झालं असं बाबांचं ठाम मत होतं.

पेलेबरोबरच्या बरोबरीने संघाला धीर आला, असं आता सगळे लिहितात. असेलही. पण मला अंक ओळीने वाचताना असं दिसतं, की संघ तोच होता, फक्त लोक त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. आठवड्यापूर्वी ज्याला ‘थकलेला’ म्हणायचे तोच ‘अनुभवी’ झाला. खेळावर लिहिणाऱ्यांची ही जुनी खोड आहे आणि ती पकडायची तर दोन लागोपाठचे अंक शेजारी ठेवावे लागतात.

फोटोंचंही असंच. मोहन बागानची जर्सी हिरवी आणि मरून, ईस्ट बंगालची लाल आणि सोनेरी. काळ्या-पांढऱ्या छपाईत दोन्ही राखाडी. वृत्तपत्री कागदावरच्या डर्बीच्या, म्हणजे या दोघांच्या आपसातल्या सामन्याच्या, फोटोत कोण कोणाचा हे मला सुब्रत भट्टाचार्यच्या उंचीवरून ओळखावं लागतं. तो बरा, बागानमध्ये आल्यावर त्याने क्लब बदलला नाही. बाकीच्यांचा भरवसा नाही. दर मोसमाआधी खेळाडूंच्या पळवापळवीचा हंगाम यायचा. टोकन, म्हणजे खेळाडूच्या नोंदणीची खूण, आपल्या हाती पडेपर्यंत क्लबची माणसं खेळाडूला अक्षरशः लपवून ठेवायची. १९८५ मध्ये कृशानु डे आणि विकास पांजी ही जोडी ईस्ट बंगालला गेली, त्या आधीच्या अंकांतल्या अफवा आज वाचताना सामन्यांपेक्षा जास्त रंगतात. १९९१ मध्ये चिमा ओकोरी आला तेव्हाचंही तसंच: तोवर परदेशी खेळाडू न घेण्याचा क्लबला अभिमान, आणि घेतला तो कोण, तर आधी कोलकात्याच्याच मोहमेडन स्पोर्टिंग आणि ईस्ट बंगालकडून खेळून बागानला छळलेला.

१९११ चं मात्र मासिकांनी वाटोळं केलंय. २९ जुलैला आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीवर दोन-एक. आधी गोल खाल्ला, मग शिबदास भादुरी, मग अभिलाष घोष. अकरातले दहा अनवाणी, बूट फक्त सुधीर चटर्जींच्या पायात. गोष्ट एवढी सरस आहे की तिला मीठ-मसाला नको. पण दर वर्धापनाला तोच संघाचा फोटो, तोही आधीच्या छापील अंकावरून पुन्हा उचललेला. छापील चित्राचं पुन्हा चित्र घेतलं की ठिपक्यांवर ठिपके बसतात. शताब्दीच्या सुमारास, १९८९ मध्ये, क्लबवर टपाल तिकीट निघालं त्या वेळचे अंक बघा. चेहरे पुसट आणि मजकूर मात्र जास्त ठणठणीत. लोकमान्य तेव्हा मंडालेत होते, बंगालची फाळणी त्याच डिसेंबरात रद्द झाली, या सगळ्याचा त्या सामन्याशी किती संबंध जोडायचा याचा मोह दर दहा वर्षांनी वाढत गेलेला दिसतो.

१९८३ नंतर माझं जमवणं सोपं झालं, कारण फुटबॉलची पानंच कमी झाली. कपिलच्या हातात विश्वचषक आला आणि मधलं रंगीत पान कायमचं क्रिकेटचं झालं. विदर्भातल्या लोकांनी जामठ्याच्या स्टेडियमचा अभिमान बाळगावा, माझी तक्रार नाही. पण म्हणून १९९७ च्या फेडरेशन कपाच्या उपांत्य सामन्याचं, सॉल्ट लेकवर एक लाख एकतीस हजार माणसं, भायचुंगची हॅट्ट्रिक, बागानचा ईस्ट बंगालकडून चार-एक पराभव, मला हवं तसं मोठं वर्णन एकाही अंकात मिळालं नाही. टीव्ही आला होता. लेखकांनी गृहीत धरलं की तुम्ही बघितलंच असेल.

कागद टिकवायचं विचाराल तर पावसाळ्यापेक्षा आमचा मे महिना वाईट. पंचेचाळीसच्या पुढे पारा गेला की पान दुमडल्या जागी तुटतं. पिना काढून टाका, त्या गंजून मधलं पान खातात. कडुनिंबाचा पाला घाला आणि संत्र्याची पेटी वापरणार असाल तर आधी उन्हात वाळवा.

विकणार का, हेही बरेच जण विचारतात. नाही. काही अंकांच्या दोन-दोन प्रती आहेत, त्यांतली एक देईन, पण अदलाबदलीत. १९७७ च्या रोव्हर्सच्या वेळचे मुंबईचे अंक माझ्याकडे नाहीत. ड्युरँडपर्यंत सगळं लागलंय आणि नेमकं पुढचं गायब. धंतोली, अजनी किंवा मोतीबागेकडच्या कोणाच्या माळ्यावर बांधलेला गठ्ठा असेल तर रद्दीवाल्याआधी मला सांगा. भाव तो देईल त्याच्यापेक्षा चार पैसे जास्तच देईन.