हापशाचा दांडा लागून तुटलेला दात

तालुक्याच्या गावात माझा दातांचा दवाखाना आहे, आपटून दात तुटलेली मुलं येतच असतात, पण ही केस डोक्यातून जात नाही. बाजारचा दिवस, दुपारची वेळ, एक बाबा आठेक वर्षांच्या मुलाला घेऊन आले, मागे त्याची मोठी बहीण. हापशाचा दांडा कुणीतरी मध्येच सोडला आणि तो उसळून याच्या तोंडावर बसला. ओठ सुजलेला, त्यावर हळद दाबलेली, आणि वरचा समोरचा दात निम्मा गायब.

हळद पुसून बघितलं तर तुटलेल्या जागी मधोमध लाल ठिपका, म्हणजे नस उघडी पडलेली. बाबा म्हणाले, "दुधाचाच हाय न्हवं मॅडम, काढून टाका की, येतोय परत." हे ऐकलं की माझा जीव तुटतो. समोरचे वरचे दात सात-आठ वर्षांचं असतानाच पडून कायमचे आलेले असतात, हा गेला की परत येणार नाही.

एक्सरेत मुळाचं टोक अजून उघडंच होतं. दात बाहेर आला तरी मूळ पूर्ण व्हायला पुढे दोन-तीन वर्षं लागतात आणि ते काम आतली नस करते, ती मेली तर मूळ पातळ राहतं आणि पुढे कधीतरी थोड्याशा धक्क्यानेही मोडतं. म्हणून नस पूर्ण काढायची नाही, फक्त वरचा दोनेक मिलिमीटर खराब भाग काढायचा. स्वीडनच्या च्वेक या दातांच्या डॉक्टरांनी १९७८ मध्ये असे उपचार केलेल्या ६० दातांचा रिपोर्ट दिला होता, ९६ टक्के बरे झाले होते, आजही आम्ही त्याच वाटेने जातो.

मी विचारलं तुटलेला तुकडा आहे का, बाबा म्हणाले, "त्यो कुठला घावतोय, चिखलात गेला." तेवढ्यात पोरीने दप्तरातून पाण्याची बाटली काढली, तळाशी तुकडा! तिने चिखल चाळून शोधला होता. मला इतकं कौतुक वाटलं तिचं. तुकडा ओला राहिला म्हणून बरं, सुकला की पांढराफटक पडतो. (दात मुळासकट निघाला असेल तर मात्र पाणी नको, दुधात ठेवून आणा, मुळावरच्या पेशी साध्या पाण्यात मरतात.)

भूल दिली, रबर डॅम (थुंकी दातापर्यंत येऊ नये म्हणून रबराचा पडदा) लावला, खराब भाग काढून सलाईनचा ओला बोळा दाबून धरला. हाच क्षण महत्त्वाचा, रक्त थांबलं तर खालची नस चांगली, नाही थांबलं तर अजून खोल जायला लागतं. थांबलं! वर बायोडेंटिन, म्हणजे नस झाकायचं सिमेंट, भरलं, ते घट्ट व्हायला बारा मिनिटं लागतात, तोवर बहीण भावाचा हात धरून उभी होती. मग तुकडा आतून थोडा कोरला, दोन्हीकडे पकड यावी म्हणून ॲसिड, मग बाँडिंग (चिकटवायचं द्रव), मध्ये कंपोझिट (दाताच्या रंगाचं भरण), ते घट्ट व्हायला लाइट मारली आणि पॉलिश केलं. जोड नीट बघितल्याशिवाय दिसत नव्हता.

ऊस आणि कणीस समोरच्या दाताने तोडायचं नाही हे त्याला दोनदा बजावलं, कारण असा जोड निघू शकतो. मध्ये तपासण्या झाल्या, बाबांनी एकही चुकवली नाही. परवाच्या एक्सरेत मूळ लांब झालंय, टोक मिटत आलंय. आता दिवाळीच्या सुट्टीत परत बोलावलंय.