दोन्ही वाट्या तुमच्याच

जपानमध्ये, ओसाकातल्या होझेनजी देवळाच्या गल्लीत, एका दुकानात मी एकच झेनझाई मागवलं आणि समोर दोन वाट्या आल्या. चूक झाली असं वाटून मी एक परत करू लागले, तर वाढणाऱ्या काकू हसून म्हणाल्या, "दोन्ही तुमच्याच."

इथली १८८३ पासूनची रीत आहे ही. झेनझाई म्हणजे अझुकी या लाल कडधान्याचं गरम गोड सूप, त्यात तांदळाच्या पिठाचा मऊ गोळा, सोबत खारट समुद्री शेवाळ. एका माणसाचं खाणं, दोन वाट्यांत. एकटीने जेवताना एवढा आपलेपणा मला फार कमी ठिकाणी मिळालाय!

दोन मिनिटांवर कालव्याकाठचं दोतोंबोरी, ओसाकाचा खाण्याचा गजबजलेला भाग. खेकड्याच्या अवाढव्य पाटीखाली गर्दी, ताकोयाकीला, म्हणजे ऑक्टोपस घातलेल्या गोळ्यांना, रांगा. तिथेही खावंच, पण आधी या गल्लीत यावं.

१६१५ मध्ये दोतोंबोरीचा कालवा झाला, मग काठावर काबुकी आणि बाहुल्यांची नाटकघरं आली, प्रेक्षकांसाठी खाणं आलं. आपल्याकडे मध्यंतराला बटाटेवडा, तसंच. आता बहुतेक नाटकघरं गेली, खाणं तेवढं उरलं. हेच मनातून जात नाहीये.

तुमच्या गावात नाटकामुळे जगलेलं असं एखादं खाणं आहे का?