तुम्ही विचारलंत म्हणून: टग मागून एवढी बुटकी का?

टगवर, म्हणजे दुसरी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, नोकरी केली म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो. भर समुद्रात जाणारी टग पुढून एवढी उंच आणि दणकट, मग मागे ते सपाट, पाण्याला टेकलेलं रिकामं डेक कशाला?

माझ्या मते टगची सगळी अक्कल त्या रिकाम्या जागेत आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या 'जॉन रॉस' आणि 'वोलराड वोल्टेमाडे' या १९७६ च्या टगच्या जोडीचे फोटो जरूर बघा. १९६७ ते १९७५ सुएझ कालवा बंद होता. अवाढव्य तेलवाहू जहाजं आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून जायची, आणि तिथला समुद्र भयंकर. त्यांच्यातलं एखादं बंद पडलं तर ओढून काढायला ही जोडी बांधली. लांबी सुमारे ९५ मीटर, ओढण्याची ताकद २०० टनांच्या आसपास. (वोल्टेमाडे हा केपटाऊनचा एक वयस्कर शेतकरी. १७७३ मध्ये त्याने घोडा समुद्रात घालून फुटलेल्या जहाजावरचे १४ जण किनाऱ्याला आणले आणि पुढच्या खेपेत स्वतः बुडाला. टगला याहून चांगलं नाव मला सुचत नाही.)

आता वायरकडे बघा. ओढायची वायर टगच्या अगदी मागच्या टोकाला बांधली, तर मागचं जहाज ते टोक धरून ठेवतं आणि सुकाणू कितीही फिरवा, टग वळत नाही. म्हणून विंच (वायर गुंडाळायचं यंत्र) किंवा हूक टगच्या मध्याजवळ असतो. साहजिकच तिथून मागे वायरला डावी-उजवीकडे फिरायला मोकळी जागा लागते. जुन्या टगवर त्या जागेवर आडव्या लोखंडी कमानी असतात. वायर घासून घासून त्या वरून आरशासारख्या चकाकतात.

पण ज्या सोयीने टग वळते, त्याच सोयीने ती बुडूही शकते. वायर टगच्या बाजूला आडवी झाली आणि मागच्या जहाजाने खेचलं, की टग बघता बघता कलंडते. वायरची ओढ जितकी खाली, तितका हा धोका कमी. डेक बुटकं ठेवण्याचं हेही एक कारण. शिवाय खोल समुद्रात, जिथे झटपट वळायची गरज नसते, वायर मागच्या टोकाशी मधोमध जखडून ठेवतात, आणि वेळ आलीच तर क्षणात सोडून देता येईल अशी कळ ब्रिजवर (जिथून टग चालवतात तिथे) असते.

वायर शेकडो मीटर सोडतात, ती मुद्दाम. स्वतःच्या वजनाने ती पाण्यात झोळ खाते. लाटेने हिसका दिला की आधी तो झोळ सरळ होतो, मग ताण येतो. एवढं करूनही वायर तुटते. २०११ च्या जूनमध्ये जुहूच्या वाळूत रुतलेलं 'विज्डम' आठवतंय? कोलंबोहून गुजरातमधल्या अलंगच्या जहाजतोडणी यार्डाकडे ओढून नेताना सुटलेलं जहाज होतं ते.

आणि हो, मागच्या डेकवर लाटा येतात. येऊ द्यायच्याच असतात. कठड्याला खाली मोठी भोकं ठेवलेली असतात, त्यातून पाणी लगेच निघून जातं. वायर ताणलेली असताना तिथे कुणी उभं राहायचं नाही, एवढा नियम मात्र कॅप्टनपासून खलाशापर्यंत सगळे पाळतात.