तुम्ही विचारलंत म्हणून: परक्या गावच्या बंबावर मी का जातो

सांगलीला आलो की कुणीतरी विचारतंच. आत्या विचारते, कॉलेजचे मित्र विचारतात, आणि इथली जर्मनीतली आपली मंडळी तर त्याहून जास्त विचारतात. मागच्या गणपतीत स्टुटगार्टला एका काकांनी भर पंगतीत विचारलं, की तू तिकडं आगी विझवायला का जातोस रे, ते पण फुकट, आणि भाषा धड येत नसताना तुला घेतलं कसं त्यांनी? मी माझं ठरलेलं उत्तर दिलं, काका खूश झाले, वरणभात आला, विषय संपला. ते ठरलेलं उत्तर द्यायचा मला आता वीट आलाय म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो.

आधी ते फुकटचं. आपल्याकडं बंब म्हणजे नगरपालिकेचा किंवा महापालिकेचा, त्यावर पगारी माणसं, त्यामुळं विचारणाऱ्याला वाटतं की मी कुणाचं तरी काम फुकटात करून देतोय. तसं नाहीये. जर्मनीत पगारी अग्निशमन दल मोठ्या शहरांतच असतं, शंभरेक ठिकाणी असेल. बाकी अख्खा देश स्वयंसेवकांवर चालतो, जवळजवळ दहा लाख माणसं आहेत अशी. आमच्या गावात तुम्ही ११२ ला फोन केलात तर जी लाल गाडी येईल तिच्यात सुतार असेल, शाळेतली बाई असेल, द्राक्षमळेवाला असेल, आणि आता मी असेन. पगारी कुणी नाहीच, तर मी नोकरी खाणार कुणाची?

दुसरं, पासपोर्टसाठी करतोस का. हे लोक थेट विचारत नाहीत, पण विचारतात. २०२४ च्या जूनमध्ये इथं नागरिकत्वाचा नवा कायदा लागू झाला, त्यात पाच वर्षांत नागरिकत्व मिळायची सोय होती आणि ज्यानं समाजासाठी विशेष काही केलंय, जर्मन उत्तम येतंय, त्याला तीन वर्षांत. ती तीन वर्षांची सोय २०२५ मध्ये काढून पण टाकली. मी दलात नाव घातलं २०२४ च्या फेब्रुवारीत, म्हणजे त्या कायद्याची चर्चा जोरात असताना. तेव्हा माझ्या डोक्यात ते होतं का? होतं. कोपऱ्यात होतं पण होतं. माझं जर्मन बी-वन, म्हणजे मधल्या पातळीचं, तिथं लागायचं सी-वन, त्याच्या दोन पायऱ्या वरचं, म्हणजे मला त्याचा उपयोग शून्य होता, हे मला तेव्हाही माहीत होतं, तरी होतं. आजवर हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, सरळ नाही म्हणत आलो.

आणि तिसरं म्हणजे माझं ते ठरलेलं उत्तर, २०१९ चा पूर. ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली होती, ४५ ला धोका पातळी असते. बाबा दोन दिवस वरच्या मजल्यावर अडकले होते, फोनची बॅटरी संपलेली, आणि मी इथं मोबाइलवर बातम्यांचे व्हिडिओ थांबवून थांबवून आमची गल्ली ओळखायचा प्रयत्न करत होतो. शेवटी कुठल्या तरी पोरांनी बोटीतून बाहेर काढलं त्यांना. बाबा अजून म्हणतात, पोरांची नावं पण विचारली नाहीत रे आपण. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, तीही एकमेकांना बाहेर काढतानाच. तर मी सांगतो की त्या पोरांचं देणं लागतो म्हणून इथं जातो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. हे खोटं नाहीये, पण हे मी नंतर जोडलंय. नाव घातलं तेव्हा मला पूर आठवला नव्हता. तेव्हा खरं असं होतं की गावात येऊन चार वर्षं झाली होती, बायको नर्सिंग होममध्ये कामाला असल्यामुळं तिला अर्धं गाव ओळखायचं आणि मला कुत्रं घेऊन फिरणारा एक म्हातारा सोडून कुणीही नावानं हाक मारत नव्हतं. दलाचा उघड्या दाराचा दिवस होता, मुलीला गाडीत बसायचं होतं, एकानं मला विचारलं, तू पण येतोस का. मी हो म्हणालो.

या हो बद्दलच मला लिहायचंय.

सुरुवातीचं ट्रेनिंग किमान ७० तासांचं असतं. मंगळवार-गुरुवार ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी सात ते दहा, आणि शनिवारी दिवसभर. पहिले दोन आठवडे मी फार खूश होतो. हेल्मेट मिळालं, नावाची पट्टी लावलेलं जॅकेट मिळालं. आपल्याहून वीस वर्षांनी मोठ्या माणसाला पण अरे-तुरे करायचं, दलात सगळेच एकमेकांना डू म्हणतात, ऑफिसात इतकी वर्षं काढून जे झालं नव्हतं ते इथं पहिल्या दिवशी झालं. गाठी शिकवल्या तेव्हा तर सगळ्यांत आधी माझी झाली, कारण आजोबा खुंट्याला म्हशीचं दावं बांधायचे ते मी लहानपणी शेकडो वेळा बघितलेलं, जवळजवळ तोच वेढा. शिकवणाऱ्यानं माझी गाठ वर धरून सगळ्यांना दाखवली. घरी येऊन मी बायकोला पण बांधून दाखवली, खुर्चीच्या पायाला.

पण थिअरीला मला निम्मं कळत नव्हतं. पुस्तकी जर्मन येतं मला, ऑफिसात इंग्लिश चालतं, पण हे सगळे बोलतात श्वेबिश, म्हणजे इकडची बोली, शब्द अर्ध्यात गिळतात. शिकवणारा दर दहा मिनिटांनी थांबून विचारायचा, आलेस क्लार? सगळं कळलं? आणि मी मान हलवायचो. क्लार. दलात एक पक्का नियम आहे की हुकूम मिळाला की तो शब्दाला शब्द परत म्हणून दाखवायचा, नुसतं हो चालत नाही. बाकीच्या पोरांकडून ते म्हणून घ्यायचे. मी जीभ अडखळत सुरुवात केली की ते म्हणायचे, असू दे, ठीक आहे, समजलंय त्याला. चांगुलपणानं म्हणायचे. परका माणूस आलाय, धडपडतोय, त्याला चारचौघांत कशाला लाजवायचं. आणि मी तो चांगुलपणा घेत गेलो.

तिसरा शनिवार. मार्च महिना, जमीन ओली, बोटं गारठलेली. नऊ जणांच्या गटाचा सराव होता. गाडीपासून जाड पाइप येतो, ७५ मिलिमीटरचा, तो एका फर्टायलरला जोडतात, म्हणजे एका तोंडातून पाणी आत आणि तीन तोंडांतून बाहेर, वर फिरवायच्या चक्र्या. एक लाइन डावीकडून निघते, दुसरी उजवीकडून, तिसरी मधून. माझं काम त्या फर्टायलरपाशी बसून राहायचं आणि पुढून ‘पहिली लाइन, वासर मार्श’, म्हणजे पाणी सोडा, अशी आरोळी आली की पहिल्या लाइनची चक्री उघडायची. बास, एवढंच. पहिली म्हणजे डावी. माझ्या वहीत मराठीत लिहिलेलं होतं, १ = डावी, २ = उजवी. मी ते पाठ केलेलं होतं.

डावी कुठून बघून डावी, ते लिहिलेलं नव्हतं. थिअरीच्या दिवशी शिकवणाऱ्यानं सांगितलं होतं, फ्लीस-रिष्टुंग, पाणी ज्या दिशेनं वाहतं त्या दिशेला तोंड करून बघायचं. तो शब्द मला कळलाच नव्हता. आणि त्याच दिवशी वर्गातल्या एका सतरा वर्षांच्या पोरानं नेमकं हेच विचारलं होतं, कुठून बघायचं म्हणून, त्यावर कुणीतरी काहीतरी टोमणा मारला, सगळे हसले. आणि मीही हसलो. काय विचारलं कळलं नव्हतं, कशाला हसले कळलं नव्हतं, सगळे हसले म्हणून हसलो. ते माझं हसणं मला आजही मध्येच आठवतं.

तर मी बसलो होतो गाडीकडं तोंड करून, कारण वारा पाठीमागून लागत होता आणि मला पंपावरचा माणूस दिसायला हवा होता. पुढून आरोळी आली. अगदी स्वच्छ ऐकू आली. मी माझ्या डावीकडची चक्री उघडली, पूर्ण, एका दमात.

ती दुसरी लाइन होती. तिच्या टोकाला एक एकोणीस वर्षांची मुलगी गुडघ्यावर बसून पाइपला पुढची फवाऱ्याची नळी जोडत होती, जोडलेली नव्हती अजून. चपटा पडलेला पाइप माझ्या पायापासून फुगत फुगत तिच्याकडं गेला ते मी बघितलं. दोन सेकंद लागले असतील. मला वाटलं, ही लाइन त्या बाजूला का जातेय. मग टोक तिच्या हातातून सुटलं आणि हवेत वळवळायला लागलं, त्याला ॲल्युमिनियमची जड कडी असते, ती एकदा तिच्या हेल्मेटच्या काचेवर बसली आणि एकदा मनगटावर. पंपावरच्यानं पाणी बंद केलं, मी नाही. मी चक्रीवर हात ठेवून तसाच बसलेलो.

उजवं मनगट मोडलं तिचं. ती बेकरीत शिकाऊ आहे, पहाटे तीनला कणीक मळायला उभी राहणारी, सहा आठवडे काम बंद. काच खाली ओढलेली नसती तर काय झालं असतं ते मला लिहायचं नाहीये.

शिकवणारा ओरडला नाही. माझ्याशेजारी येऊन उकिडवा बसला आणि हळू, शुद्ध जर्मनमध्ये विचारलं, तू काय ऐकलंस? मी म्हणालो, पहिली लाइन. मग पहिली कुठली? मी बोट दाखवलं. तो कितीतरी वेळ त्या बोटाकडं बघत राहिला. मग म्हणाला, हे आम्ही तुझ्याकडून म्हणून घ्यायला हवं होतं.

त्याच्या त्या वाक्याच्या आडोशाला मी बरेच दिवस राहिलो. बायकोला सांगताना मी म्हणालो, बघ, त्यांचीच चूक आहे, त्यांनीच मान्य केलं, नवशिक्याला एकट्याला बसवलं, आणि इथल्या जन्मलेल्या पोरानं पण बाजूची गल्लत केली असती. हे सगळं आजही मला खरं वाटतं. बायको तेवढं ऐकून म्हणाली, त्या पोरानं विचारलं होतं ना पण. मी चिडलो तिच्यावर. तिला म्हणालो, तुला काय कळतं तिथलं. दोन दिवस आम्ही धड बोललो नाही.

चौथ्या दिवशी तिनं केलेल्या नारळाच्या वड्या डब्यात घालून मी त्या मुलीच्या घरी गेलो. आईनं दार उघडलं. मी वाक्य पाठ करून गेलो होतो, ते म्हटलं. आई म्हणाली, ती झोपली आहे. डबा घेतला, थँक्यू म्हणाली आणि दार लावलं. जोरात नाही, नेहमीसारखंच. डबा पुढच्या आठवड्यात धुऊन पुसून दलाच्या ऑफिसात ठेवलेला मिळाला.

मी दोन आठवडे गेलो नाही. सोडूनच देणार होतो, मेल पण लिहून ठेवली होती. त्यात लिहिलं होतं की जिथं एका शब्दानं माणूस जायबंदी होतो तिथं अर्धवट भाषेच्या माणसानं असू नये. ती मेल मी परत वाचतो तेव्हा ती मला बरोबर वाटते, आणि ती पाठवली नाही याचंही वाईट वाटत नाही. दोन्ही कसं ते मला सांगता येत नाही. भाषा हे खरं कारण होतं का, की मला न कळलेलं न कळलं म्हणायची लाज होती? सांगलीत इंजिनिअरिंगला असताना पण मी मागच्या बाकावर मान हलवायचो, तिथं तर मास्तर मराठीतच समजावून सांगायचे. तरी मी असंही म्हणेन की मागच्या बाकावरची मान कुणाचं मनगट मोडत नाही, आणि परक्या भाषेत रोज पन्नास वेळा ‘काय म्हणालात’ विचारून जगून दाखवा एकदा, मग मला शिकवा.

तिसऱ्या मंगळवारी गेलो. ती आलेली होती, प्लास्टर घालून बाकावर बसलेली, सराव बघायला. मला फर्टायलरवर परत बसवतील असं वाटलं नव्हतं, पण बसवलं. ती उठून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. हुकूम आला, मी मान हलवली. ती म्हणाली, विडरहोलन. परत म्हण. मी म्हटलं. अडखळलो, ती थांबली, पुरतं म्हणेपर्यंत थांबली, कुठला शब्द तोंडात दिला नाही. मग पाण्याच्या दिशेकडं प्लास्टरचाच हात करून दाखवला. त्या रात्री असं आठ-दहा वेळा झालं. त्या दिवसाबद्दल ती माझ्याशी कधी बोलली नाही, तेव्हाही नाही, आजही नाही, आता तर आम्ही एका गाडीतून जातो.

वहीतल्या त्या पानावर मी आता बाण काढलाय. रात्री पेजर वाजला की अजून पोटात गोळा येतो, पण आगीचा नाही, गाडीत बसल्यावर रेडिओवर काय बोलतील त्याचा. कळलं नाही तर विचारतो. कधी कधी तिसऱ्यांदा विचारायचं राहून जातं, हेही खरं आहे.

तिची आई मला दुकानात भेटते, परवा पण दुधाच्या कपाटापाशी भेटली. आम्ही नमस्कार करतो. तुम्ही सगळे विचारता, हा कशाला जातो तिथं, ह्याला घेतलं कसं. तिनं विचारलं तर मला बसून सगळं सांगावं लागेल, पूर न घालता, आणि ते जर्मनमध्ये. तिनं अजून विचारलेलं नाही.