हायफायच्या डेटातली भुतं आणि एलओच्या पायऱ्या

हर्शेल या अवकाश दुर्बिणीच्या अर्काइव्हमधल्या ओरायन केएलच्या (ओरायनमधला ताऱ्यांच्या जन्माचा ढग) हायफाय डेटाशी झटापट चालूच आहे; हायफाय म्हणजे दुर्बिणीवरचा स्पेक्ट्रोमीटर. दुर्बिणीतलं थंडाव्याचं हेलियम एप्रिल २०१३ मध्ये संपलं आणि निरीक्षणं थांबली, पण डेटा सगळ्यांना खुला आहे. यावेळी एकच प्रश्न घेतला: सर्व्हेत एलओच्या (लोकल ऑसिलेटर, म्हणजे रिसीव्हरची संदर्भ वारंवारता) जागा कशा निवडाव्यात?

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. हायफाय डबल साइडबँड. एलओच्या वरचा ४ ते ८ गिगाहर्ट्झचा पट्टा आणि खालचा तेवढाच पट्टा एकमेकांवर पडून येतात (बँड ६ आणि ७ ची गोष्ट वेगळी, ते बाजूला ठेवलेत). एलओ ५७० गिगाहर्ट्झला असेल, तर कार्बन मोनॉक्साइडची ५७६.२६८ वरची दांडगी रेषा खालच्या साइडबँडच्या मोजपट्टीवर ५६३.७३२ ला दिसते. एलओ ०.३ ने वर नेला की ती ५६४.३३२ ला, म्हणजे दुप्पट सरकते. खालची खरी रेषा जागची हलत नाही. डिकॉन्व्होल्यूशनचा, म्हणजे दोन्ही पट्टे गणिताने वेगळे करण्याचा, सगळा डाव या फरकावर.

आता गंमत. पायरी, म्हणजे लागोपाठच्या दोन एलओंमधलं अंतर, सगळीकडे ०.५ ची ठेवली, तर १ गिगाहर्ट्झ आवर्तनाची आणि दर एलओला शून्यातून जाणारी साइन लहर डेटात उमटतच नाही. वर जेवढी अधिक तेवढीच खाली उणे, बेरीज शून्य. रात्रंदिवस टिपत बसलात तरी ती हाती लागायची नाही!

पायथनमध्ये खोटा स्पेक्ट्रम बनवला, नॉइज शून्य, फक्त कार्बन मोनॉक्साइडची ती एक रेषा. समान पायऱ्यांवर ५७५.२६८ आणि ५७७.२६८ ला बारीक खळगे पडले, ५७३.७३२ आणि ५७४.७३२ ला उंचवटे आले. ओरायनच्या गर्दीत असा उंचवटा कुणीही मिथेनॉल समजून मोकळा होईल. पायऱ्या थोड्या वेड्यावाकड्या केल्या, एलओंची संख्या तीच ठेवली, आणि या भुतांची रांग मोडली. कोमितो आणि शिल्के यांनी २००२ मध्ये याच प्रश्नाचा सविस्तर अभ्यास केलाय.

रिडंडन्सी (एकच वारंवारता किती एलओंवर टिपली जाते ते) वाढवणं त्यामानाने महागडं. एकूण वेळ तोच, तर प्रत्येक एलओच्या वाट्याला कमी वेळ येतो, वर दर वेळी रीट्यूनिंगचा खर्च. माझं मत: आधी पायऱ्या विस्कटा, मग रिडंडन्सीचं बघा.

दोन्ही साइडबँडचा गेन (संवेदनशीलता) मी सारखाच धरलाय, प्रत्यक्षात तसा नसतो. पुढच्या फेरीत तो थोडा बिघडवून बघणार, आणि स्टँडिंग वेव्ह (उपकरणातल्या परावर्तनांनी उठणारी लहर) डिकॉन्व्होल्यूशनच्या आधीच काढणार.